पेशवाईची शेवटची पळापळ आपल्या जिल्ह्यात

शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण १७ नोव्हेंबर १८१७ ला लागलं, हे शाळेत शिकवतात. पण दुसरा बाजीराव त्यानंतर पळत पळत एप्रिल १८१८ मध्ये पांढरकवड्याजवळ पोचला होता आणि तिथल्या शिवणीच्या लढाईत कर्नल ॲडम्सच्या फौजेनं त्याची दाणादाण उडवली, हे फारसं कोणी सांगत नाही. आपल्या बोरी अरबहून पांढरकवडा काही परमुलूख नाही, आपलाच जिल्हा! ३ जूनला तो इंग्रज अधिकारी माल्कमला शरण गेला आणि वर्षाला ८ लाखांच्या तनख्यावर बिठूरला जाऊन राहिला.

ही पडझड गाण्यात कशी उतरली, त्यासाठी आता शाहीर प्रभाकर बघा. सवाई माधवरावाच्या काळात पुण्यात पेशव्यांचा रंग खेळला गेला, त्याचा थाटमाट त्यानं पोवाड्यात गायला. हत्ती, पिचकाऱ्या, गुलाल, सगळा दिमाख. त्याच शाहिरानं पुढं बाजीरावाचा आणि बुडालेल्या पेशवाईचाही पोवाडा रचला. डफ तोच, तुणतुणं तेच, झिलकऱ्यांची जी-जी तीच. फक्त वाडा रिकामा. दरबारी बखरकाराला हे जमलं नसतं, असं मला वाटतं. शाहिराला श्रोत्यांसमोर उभं राहायचं होतं ना!

आपल्याकडं मात्र रिकाम्या वाड्याचा हा विषय पोवाड्यापेक्षा भजनातून जास्त मुरला. तुकडोजी महाराजांचं ‘या झोपडीत माझ्या’ गावोगाव म्हणतात. त्यात महालाला झोपडीसमोर उभं केलंय, आणि महालाची काही धडगत नाही. हे खंजिरीवरच ऐका, सिनेमावाल्या चालीत ती धार राहत नाही.

शिवणीच्या लढाईवर आपल्या भागात कोणाला जुनं गाणं, ओवी येत असेल तर कमेंटमध्ये टाका.