जगावर संकट आणि सोबतिणीचा घोटा

रविवारी पहाटे पनवेल बसस्थानकाच्या आसपास पाठीवर सॅक अडकवलेल्या पोरापोरींचे घोळके दिसतात. कुणी कर्नाळ्याला निघालेलं असतं, कुणी ठाकूरवाडीमार्गे प्रबळगड आणि कलावंतीण सुळक्याकडे. सगळ्यांच्या मनात धास्ती असते ती कलावंतिणीच्या कातळात खोदलेल्या, कठडा नसलेल्या पायऱ्यांची. तिथे जो तो जपून पाऊल टाकतो. घात होतो तो पुष्कळदा उतरताना, माचीच्या खाली, गप्पा मारत चालताना. पायाखालचा मुरूम सरकतो, घोटा आत वळतो आणि दहा जणांचा सगळा बेत त्या एका पायापाशी येऊन थांबतो.

विज्ञानकथा लिहिणाऱ्यांनी या एका पायाचं मोल फार आधी ओळखलं होतं.

बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. काळातून प्रवास करणारा एक म्हातारा, त्याची नात सुसान आणि तिचे दोन शिक्षक, बार्बरा आणि इयन, हे त्यातले पहिले प्रवासी. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९६४ मध्ये, डालेक नावाच्या निर्दय शत्रूंनी पृथ्वी काबीज केल्याची कथा दाखवली गेली. बाविसाव्या शतकातलं उद्ध्वस्त लंडन. सुसान ढिगाऱ्यावर चढते, घसरते आणि तिचा घोटा मुरगळतो. त्याच पडझडीत एक गर्डर कोसळून त्यांच्या कालयानाचं दार अडतं. म्हातारा आणि इयन तो हटवण्यासाठी अवजार शोधायला जातात. बार्बरा सुसानच्या पायाला लावायला रुमाल ओला करून आणायला नदीकडे वळते. ती परत येते तेव्हा सुसान जागेवर नसते. डालेकांविरुद्ध लढणाऱ्या एका माणसाने तिला उचलून तळघरातल्या अड्ड्यावर नेलेलं असतं.

तिथे तिला डेव्हिड भेटतो. कथेच्या शेवटी डालेक हरतात, पण सुसानचं मन आता इथेच रुजलंय हे आजोबांना कळतं. ते यानाचं दार आतून लावून घेतात आणि तिला तिच्या नव्या आयुष्यात सोडून निघून जातात. तिच्या झिजून भोक पडलेल्या बुटाचीही त्यात एक गोष्ट आहे. दुरुस्त करतो म्हणून आजोबांनी तो घेतलेला असतो आणि तो त्यांच्याकडेच राहतो. पृथ्वी वाचवण्याच्या एवढ्या मोठ्या कथेतला हा कौटुंबिक धागा सुरू होतो तो त्या दुखऱ्या पायापासून. घोटा मुरगळला नसता तर चौघं एकत्र राहिले असते आणि कथा वेगळ्याच वाटेने गेली असती.

पुढे हाच प्रसंग इतका वापरला गेला की त्याची रया गेली. राक्षस मागे लागला की सोबतची बाई अडखळणार, पडणार, नायक तिला उचलणार. यावर टीका झाली आणि ती रास्तच होती. सुसानची भूमिका करणाऱ्या कॅरोल ॲन फोर्डने मालिका सोडली तीही या पात्राला लेखक वाढू देत नाहीत या नाराजीतून. तरीही दोष मुरगळीचा नव्हता. दुखापत कायम बाईलाच आणि तिच्या हाती नुसतं किंचाळणं, हा खरा दोष होता.

एच. जी. वेल्स यांनी तर १८९५ च्या ‘द टाइम मशीन’मध्ये खुद्द नायकालाच लंगडत चालवलं आहे. लाखो वर्षं ओलांडून गेलेला हा माणूस बुटाची टाच निखळली आणि तळव्यातून खिळा वर आला म्हणून हैराण होतो. भविष्यकाळ खरा वाटतो तो अशा खिळ्यामुळे.

मराठीत जयंत नारळीकरांनी दुखापतीचा उपयोग आणखी वेगळा केला. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवलेल्या त्यांच्या ‘कृष्णविवर’ कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे आलेल्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत विचारांच्या तंद्रीत ट्रकला धडकतात आणि मराठ्यांनी पानिपत जिंकलेल्या दुसऱ्याच हिंदुस्थानात पोचतात. आपल्या रस्त्यांवर रोज होणाऱ्या अपघाताने दोन विश्वांमधलं दार उघडतं, ही कल्पना अस्सल नारळीकरांची. मात्र सोबत्याच्या दुखण्याभोवती, त्याला धरून नेताना होणाऱ्या ओढाताणीभोवती आपल्याकडची विज्ञानकथा अजून पुरेशी फिरलेली नाही असं वाटतं. इथे खूप जागा शिल्लक आहे.

प्रत्यक्ष अंतराळ मोहिमेतही असं घडलं आहे. १४ नोव्हेंबर १९६९ रोजी उड्डाण होताच अपोलो १२ वर दोनदा वीज पडली. त्यातून ते वाचलं, दोघे जण चंद्रावर उतरून आले आणि २४ नोव्हेंबरला यान प्रशांत महासागरात आदळलं. त्या हादऱ्याने आतला एक कॅमेरा सुटला आणि त्या दोघांपैकी ॲलन बीन यांच्या कपाळावर बसला. ते क्षणभर बेशुद्ध झाले आणि जखमेला टाके घालावे लागले. चंद्रावर सुखरूप वावरलेल्या माणसाला घरी पोचता पोचता लागलं.

उतरतानाच जास्त जपायला हवं, हे पनवेलच्या डोंगरांतही तितकंच खरं आहे. उतारावर पावलाची बोटं खाली झुकतात. घोट्याच्या सांध्यातलं हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं. बोटं खाली झुकली की त्याचा अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल पडतो. त्यातच पाऊल आत वळलं की बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात, कधी फाटतात. दमलेल्या स्नायूंना सावरायला वेळ मिळत नाही.

हाड मोडलंय की नुसती मुरगळ आहे, याचा अंदाज घेण्याची सोपी पद्धत कॅनडातल्या ओटावा इथल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडली. घोट्याच्या आसपास दुखत असेल आणि माणसाला चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडांची मागची कड व टोक दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढायलाच हवा. लंगडत का होईना चार पावलं टाकता आली, हाड दाबून दुखलं नाही, तर बहुधा मुरगळच असते. तिथेच बसून पाय उंच ठेवावा, क्रेप बँडेज बांधावं आणि बोटं बधिर किंवा निळी पडत नाहीत ना हे पाहावं. मित्रमंडळी हौसेने चोळायला घेतात, ते मात्र पहिले दोन-तीन दिवस टाळावं, कारण त्याने सूज वाढते. बर्फाचं माहात्म्य आता थोडं ओसरलं आहे. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच हे सूत्र १९७८ मध्ये मांडणारे डॉ. गेब मिर्किन यांनीच पुढे सांगितलं की बर्फाने वेदना कमी होते, पण भरून येणं लांबू शकतं.

आणखी एक गोष्ट शहरातून येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. आपल्यासाठी जी एका रविवारची अडचण, ती डोंगरावरच्या वाड्यांमध्ये राहणाऱ्यांची रोजची आहे. रस्ता नसलेल्या वाडीतून आजाऱ्याला झोळीत घालून खाली आणल्याच्या बातम्या रायगड जिल्ह्यातून दर पावसाळ्यात येतात. वाट चुकलेल्या, जखमी झालेल्या ट्रेकरलाही आधी मदतीचा हात देतात ते हेच लोक.

म्हणून पुढच्या वेळी ठाकूरवाडीची गाडी पकडण्याआधी सॅकमध्ये दोन क्रेप बँडेज, वेदनाशामक गोळ्या, शिट्टी आणि बॅटरी टाका. सर्वांत मागे चालायला अनुभवी माणूस ठेवा. कुणाचा पाय मुरगळला तर त्याला एकट्याला बसवून पुढे जाऊ नका आणि अंधार पडायच्या आत निर्णय घ्या. चार पावलं टाकता येत नसतील तर १०८ वर फोन करा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि ती मोफत आहे.