गंजीच्या पोटातली आग

दिवाळी उलटली की मानवत, सेलू, परभणीच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्यांची रीघ लागते. जिनिंगच्या आवारात पांढऱ्या गंज्या उभ्या राहतात, आणि त्याच दिवसांत कुठे ना कुठे ‘जिनिंगला आग’ अशी बातमी येते. लोक धावतात, फोनाफोनी होते, बंब येतो. तासाभराने गर्दीतून हमखास कुणीतरी म्हणते, “एवढं पाणी मारलं, तरी विझंना कशी?” बंबावरच्या माणसांनी काय शिकलेले असते, कुठे शिकलेले असते, आणि पुढे त्यांना कोण शिकवते, याविषयी आपल्या मनात जे धरून बसले आहे, ते या एका प्रश्नात सापडते.

‘पाणी मारले की आग विझते’

कापसाच्या बाबतीत हे अर्धेच खरे आहे. कच्च्या कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे पाणी आत न मुरता वरून ओघळून जाते. शिवाय गंजीत तंतूंच्या मधे हवा कोंडलेली असते. वरची ज्वाळा झपकन पेटते आणि तितक्याच लवकर बसते. पाहणाऱ्याला वाटते, आटोक्यात आली. प्रत्यक्षात आग पोटात उतरून धुमसत असते. प्रेसिंगमध्ये दाबलेल्या १७० किलोच्या गाठीत तर ती दिवसचे दिवस दडून राहते, आणि गाठ फोडली की हवा लागून पुन्हा पेट घेते.

जोराची सरळ धार मारणे इथे उलटे पडते. जळती रुई उडून शेजारच्या गंजीवर जाऊन बसते. म्हणून जाणकार फायरमन फवाऱ्याची धार धरतो, मिळाले तर पाण्यात भिजवक द्रव्य मिसळतो, लोडरने गंजी फोडून थराथराने पसरवून घेतो, न जळलेला माल दूर हलवतो आणि पुढची रात्र माणूस राखणीला ठेवतो. त्याआधी तो कारखान्याचा ओढ पंखा बंद करायला लावतो. कापसातून आलेला खडा, खिळा किंवा ट्रॉलीचा नट यंत्रात आपटला की ठिणगी उडते, आणि हवेच्या झोताने कापूस वाहून नेणाऱ्या नळातून ती ठिणगी दुसऱ्या टोकाच्या ढिगात जाऊन पडते. पंखा चालू ठेवून पुढे पाणी मारणे म्हणजे मागून आग पुरवत राहणे.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. धुमसणाऱ्या कापसातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद गोदामात तोंडाला ओला रुमाल बांधून शिरलेल्या माणसाला रुमाल वाचवत नाही. पाठीवर हवेची टाकी आणि तोंडावर मुखवटा, म्हणजे बीए सेट, हाच तिथे उपाय.

कापसाची आग किती महाग पडू शकते, हे महाराष्ट्राने ऐंशी वर्षांपूर्वी पाहिले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाच्या दोन नंबरच्या मालकोठीत धूर दिसला. जहाजावर सुमारे १४०० टन स्फोटके आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या. शेकडो टन पाणी ओतूनही आतली आग बसली नाही. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिलचा अग्निशमन सेवा दिन आणि पुढचा सप्ताह देशभर पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. परभणी जिल्ह्यातही त्या दिवशी मानवंदना होते, शाळांत प्रात्यक्षिके होतात. कापूस पिकवणाऱ्या आणि पिंजणाऱ्या जिल्ह्याने तरी त्या दिवशी कापसाच्या आगीचा सराव करावा, असे मला फार मनापासून वाटते.

‘कुठलाही फायर डिप्लोमा केला की नोकरी पक्की’

या गैरसमजापायी खेड्यापाड्यांतल्या मुलांचे पैसे जातात आणि वयही निघून जाते. ‘फायर अँड सेफ्टी’चे फलक तालुक्याच्या गावांपर्यंत पोचले आहेत. त्यातले काही अभ्यासक्रम खासगी कारखान्यात सुरक्षा विभागाच्या कामाला उपयोगी पडत असतील. पण महापालिका आणि नगरपरिषदांच्या अग्निशामक भरतीच्या जाहिराती नीट वाचाव्यात. त्यांतल्या बहुतेक जाहिरातींत राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा पाठ्यक्रम पूर्ण केलेला असावा, अशी अट असते. हे केंद्र मुंबईत सांताक्रूझला आहे. आता ते महाराष्ट्र अग्निशमन सेवा अकादमी म्हणून ओळखले जाते. दहावीनंतर तिथे अर्ज करता येतो. शारीरिक पात्रता मात्र कडक असते: पुरुष उमेदवारासाठी १६५ सेंटिमीटर उंची आणि ५० किलो वजन. अधिकारी व्हायचे असेल तर उपस्थानक अधिकाऱ्याचा वेगळा, लांब पल्ल्याचा पाठ्यक्रम आहे. देशपातळीवरची संस्था तर आपल्याच राज्यात आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूरला सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आले.

पैसे भरण्याआधी भावाने, मामाने, गावातल्या शिक्षकाने त्या मुलासोबत बसून भरतीची जाहिरात वाचावी. एवढ्याने पुष्कळ नुकसान टळेल.

‘प्रशिक्षणाचे सरकार बघते, आणि संघटना म्हणजे पगाराचे मोर्चे’

हे दोन समज वेगळे वाटतात, पण मुळात एकच आहेत: शिकवण्याचे काम दलांचे स्वतःचेही आहे, हे दोन्हींत विसरले जाते.

केरळमध्ये अग्निशमन हे राज्य सरकारचे एकसंध खाते आहे. त्रिशूरजवळ त्यांची स्वतःची अकादमी आहे, आणि कुठल्याही गावातला जवान एकाच साखळीतला असतो. महाराष्ट्रात रचना निराळी आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हे नागरी स्थानिक संस्थांचे काम म्हणून आले, आणि आपल्याकडे ते आधीपासून त्यांच्याच हाती होते. राज्याचे संचालनालय नियम करते, मार्गदर्शन करते, अकादमी चालवते. २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम सगळीकडे लागू आहे. पण बंब, माणसे आणि त्यांचा रोजचा सराव ज्या त्या पालिकेचा. परभणीची महापालिका २०११ मध्ये झाली; तिचे दल वेगळे. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पूर्णा या नगरपरिषदा आपापल्या जागी वेगळ्या.

आता लहान नगरपरिषदेची अडचण पाहा. तिच्याकडे एक-दोन गाड्या आणि पाळ्यांत विभागलेली मोजकी माणसे. त्यांतली काही कंत्राटी. दोघांना शिकायला पाठवायचे, तर देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबई गाठायची, महिनोन्‌महिने तिथे राहायचे, आणि इकडे पाळी रिकामी. मुख्याधिकारी नाही म्हणतात ते दर वेळी अनास्थेपोटीच असे नाही. गावात रात्री आग लागली तर गाडीवर चढायला कोण, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न असतो.

इथे उपयोगी पडते ती विभागीय संघटना, आणि जगभर ती याच कामासाठी वाढली आहे. शिकागोभोवतीच्या उपनगरांतल्या लहान दलांनी १९६८ मध्ये एकमेकांना मदत करण्याची एक व्यवस्था उभारली. कोणत्या हाकेला कुणाची गाडी निघायची हे आधीच ठरलेले, बिनतारी संदेशाची भाषा एक, उपकरणांची नावे एक, सराव एकत्र. जर्मनीत बहुतेक गावांची दले स्वयंसेवकांची आहेत. तिथे जिल्ह्याजिल्ह्याला अग्निशमन दलांचे संघ आहेत, आणि नव्या माणसाचे पायाभूत शिक्षण, बिनतारी यंत्राचे शिक्षण, बीए सेटचे शिक्षण पुष्कळदा जिल्हा पातळीवरच उरकते. गावाला आपला माणूस फार दिवस सोडावा लागत नाही.

आपल्या जिल्ह्यातही सेलूची आग मोठी झाली की परभणी, मानवत, पाथरीचे बंब जातातच. ही मदत जुनी आहे आणि मनापासूनची आहे. पण होजची जोडणी एकमेकांच्या गाडीला बसते का, पाणी आळीपाळीने कुठून भरायचे, आवारात हुकूम कुणाचा चालायचा, हे जर पहिल्यांदा जळत्या गंजीसमोर ठरत असेल, तर तेवढी मिनिटे आग खाते. जिंतूरहून परभणी ४० किलोमीटरच्या आसपास. मदत पोचेपर्यंतचा काळ स्थानिक चार जणांनी कसा काढायचा, हाच खरा अभ्यासाचा विषय आहे.

पगार आणि भत्त्यांसाठी कामगार संघटना लागतेच. कंत्राटी जवानाला विमा आणि धड गणवेश मिळवून देणे हे छोटे काम नाही. पण त्याच्या शेजारी दुसरी गरज उभी आहे, ती शिक्षणाची. ९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवासाला लागलेल्या आगीत मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांचे प्राण गेले. जुनी, लाकडी सांगाड्याची इमारत जळताना केव्हा कोसळते, याचा धडा त्या घटनेतून निघतो. तशा जुन्या माड्या पाथरीत आहेत, गंगाखेडला आहेत. मुंबईतला धडा तिथल्या फायरमनपर्यंत नेणारी वाट म्हणून मला संघटना हवी आहे.

‘एकदा शिकले की जन्माचे झाले’

पोहणे विसरत नाही, सायकल विसरत नाही, हे खरे. बीए सेट तसा नाही. टाकीतली हवा कागदावर जितकी मिनिटे पुरते, तितकी ती घाबरलेल्या, धापा टाकणाऱ्या माणसाला पुरत नाही. अंधारात, गुडघ्यांवर, भिंतीला हात लावून आत जायचे आणि परतीपुरती हवा राखून बाहेर यायचे, हे अंगात मुरावे लागते आणि न केल्यास निसटते. जर्मन नियमात मुखवटा घालणाऱ्या प्रत्येकाला वर्षातून निदान एकदा श्रमाची चाचणी द्यावी लागते, आणि ती दिली नाही तर त्याला धुरात पाठवत नाहीत. परभणीच्या मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना जाड अग्निरोधक सूट चढवून काम करणे ही तर आणखी वेगळी परीक्षा. उष्माघाताची पहिली खूण जोडीदाराने कशी ओळखायची, हे इथल्या जवानाला जास्तच यायला हवे.

धोकेही बदलत राहतात. साखर कारखान्याला लागून अल्कोहोलचे प्रकल्प आले. अल्कोहोलच्या आगीवर साधा फोम टिकत नाही, विरून जातो. त्याला वेगळा फोम लागतो. वीस वर्षांपूर्वी शिकलेल्या माणसाला हे कुणीतरी सांगायला हवे, आणि हातात देऊन दाखवायला हवे.

आणखी दोन, थोडक्यात

‘फायर ब्रिगेड फक्त आगीसाठी.’ २०२४ च्या सप्टेंबरातल्या पुरात गोदाकाठाने काय पाहिले ते आठवावे. पुरात अडकलेले कुटुंब, विहिरीत पडलेले जनावर, अपघातात चेपलेली गाडी, सगळीकडे हाक याच माणसांना जाते. जुन्या विहिरीत उतरण्याआधी आतली हवा तपासायची असते. न तपासता एकामागून एक उतरलेली माणसे गमावल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो.

‘हे बायकांचे काम नव्हे.’ नागपूरच्या हर्षिनी कान्हेकर यांनी २००२ मध्ये राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि तिथून पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. मुंबईच्या दलात २०१२ पासून महिला अग्निशामक आहेत.

सुरुवात कुठून करायची, तर त्यासाठी इमारत लागत नाही. पोळा आणि दसऱ्याच्या मधे जिनिंगची आवारे मोकळी असतात, यंत्रांची डागडुजी चालू असते. त्या आठवड्यांत एकेका पालिकेचे दोन-दोन जवान, परभणीच्या दलातले एक जाणते अधिकारी, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयातले कापूस आणि यंत्रे ओळखणारे कुणी, आणि आवाराचा मालक एवढी मंडळी चार दिवस एकत्र आली तर पुरे. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या होजच्या जोडण्या एकमेकांना लावून पाहाव्यात. दुसऱ्या दिवशी पंख्याचा खटका, विहीर, हौद आणि फाटक कुठे आहे ते नकाशावर उतरवावे. तिसऱ्या दिवशी गोदामात कृत्रिम धूर सोडून मुखवटे चढवावेत. चौथ्या दिवशी मागच्या हंगामातली थोडी खराब रुई आवाराच्या मधोमध रचून, पेटवून, सकाळपर्यंत तिच्याजवळ बसावे, म्हणजे विझली असे वाटल्यावर ती किती वाजता पुन्हा धुपू लागते, हे प्रत्येकाला आपल्या डोळ्यांनी दिसेल.