मालमोटारीची वीज वारंवार कां बिघडते?

मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यावर भिवंडी लागते. यंत्रमागांचें शहर म्हणून ती ख्याति पावली. आज माणकोली, राहनाळ, काल्हेर अशा भोवतालच्या गांवीं मालाचीं प्रचंड गोदामें उभीं आहेत. न्हावाशेवा बंदरांतील अजस्र पेट्या पाठीवर घेऊन लांबलचक ट्रेलर येथें रात्रंदिवस येत असतात. शहरांतील घरीं येणारें कापड, औषध, भांडेंकुंडें यांपैकीं पुष्कळसें अशाच एखाद्या ट्रेलरांतून आलेलें असतें. शिवाय पावसाळी रात्रीं कसारा घाटांत अशा वाहनाचे मागील दिवे विझले, तर मागून येणाऱ्या मोटारींतील कुटुंबास तें दिसतहि नाहीं. म्हणून या वाहनाच्या पोटांतील तारांचें दुखणें हें केवळ त्याच्या मालकाचें दुखणें नव्हे.

हें दुखणें बहुधा एकाच रीतीनें प्रकट होतें. मागचा दिवा लागत नाहीं; तो बदलतात, नवा लागतो, आणि चार दिवसांनीं पुन्हां अंधार. फ्यूज जातो; दुसरा बसवितात, तोहि जातो. अखेर कोणी कंटाळून अधिक जाड फ्यूज बसवितो, अथवा चांदीचा कागद गुंडाळून वेळ भागवितो. वस्तुतः येथें चोर पकडला न जातां पहारेकरी मात्र बांधला गेला. फ्यूज वितळतो तो तार वांचावी म्हणून. तो वितळेनासा झाला कीं तार तापते आणि तिच्यावरील वेष्टण पेट घेतें. मागें कापडाच्या गांठी असल्या तर पुढें काय होईल तें सांगावयास नको.

दोष पुन्हां पुन्हां कां येतो, हें समजण्यास विजेची वाट पाहिली पाहिजे. या वाहनांत 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागें एक जोडून 24 व्होल्टचा दाब मिळवितात. बॅटरीपासून दिव्यापर्यंत तार जाते. परतीची वाट मात्र पुष्कळदां लोखंडी सांगाड्यांतूनच असते. कारागीर तिला ‘अर्थ’ म्हणतात. वाट पुरी झाल्यावांचून वीज वाहत नाहीं. कोंकणपट्टीचा पाऊस, रस्त्यावरील चिखल आणि अहोरात्र बसणारे हादरे यांमुळें ही परतीची वाट प्रथम बिघडते: बोल्ट ढिला होतो, त्याखालीं गंज धरतो, तांब्यावर हिरवें जंगाल चढतें.

असा गंजलेला सांधा मोठा फसवा असतो. जर्मन शास्त्रज्ञ ओम यानें 1827 सालीं मांडलेल्या नियमानुसार प्रवाह व अडथळा यांचा गुणाकार केला म्हणजे किती दाब वायां जातो तें कळतें. सांध्याचा अडथळा अवघा 0.05 ओम धरला, तर एक अँपिअर घेणाऱ्या दिव्याच्या वाटेंत 0.05 व्होल्टच वायां जातो आणि दिवा लख्ख लागतो. पण सेल्फनें 200 अँपिअर मागितले कीं तोच सांधा 10 व्होल्ट गिळूं पाहतो, आणि इंजिन फिरत नाहीं. “दिवे तर चांगले लागतात, तेव्हां बॅटरीच गेली असावी,” असा तर्क करून नव्या बॅटऱ्यांवर पैसे खर्च होतात. खरें काम असतें पान्याचें आणि कानशीच्या चार हातांचें.

म्हणून शोध क्रमानें करावा. इंजिन बंद असतां भरलेल्या बॅटऱ्यांच्या जोडीवर सुमारें 25 व्होल्ट, आणि चालूं असतां सुमारें 28 व्होल्ट दिसावेत. आंकडा चढला नाहीं तर अल्टरनेटर व त्याचा पट्टा पाहावा. 30 च्या पलीकडे गेला तर दिवे वारंवार कां जळतात याचें उत्तर तेथेंच मिळतें. त्यानंतर दिवा लागलेला असतांनाच मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोंकास व दुसरी दिव्याच्या अर्थास लावावी. अर्ध्या व्होल्टाहून अधिक आंकडा दिसला, तर परतीची वाट बिघडली आहे.

पुढील इंजिनाची गाडी व मागील ट्रेलर यांस जोडणारा सात खुंट्यांचा प्लग हें दुसरें मर्मस्थान होय. त्यांतील अर्थाची खुंटी सैल झाली कीं वीज परतीसाठीं दुसऱ्याच दिव्यांतून वाट काढते. मग ब्रेक दाबला असतां इंडिकेटर मंद उजळतो. हें चमत्कारिक वाटणारें लक्षण नेमकें अर्थाकडेच बोट दाखवितें.

फ्यूज पुन्हां पुन्हां जात असेल, तर त्याच्या जागीं 24 व्होल्टचा 21 वॅटचा दिवा तात्पुरता जोडावा, आणि त्या फ्यूजवर चालणारे दिवे काढून ठेवावे. तार सांगाड्यास टेकलेली असेपर्यंत हा दिवा प्रखर जळेल, पण एका अँपिअरहून फारशी अधिक वीज जाऊं देणार नाहीं. मग तारांचा जुडगा हातभर हातभर हलवीत जावें. जेथें दिवा लुकलुकेल वा विझेल, तेथें तार घासलेली आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. 1 एप्रिल 2020 पासून बी. एस. 6 हें प्रदूषणाचें मान लागूं झालें, आणि नव्या वाहनांत संगणकी यंत्रणा वाढली. तिच्या पीळ घातलेल्या संदेशवाहक तारांना परीक्षेचा दिवा लावूं नये. बॅटरी तोडून त्या दोहोंमध्यें मीटरनें सुमारें 60 ओम दिसले, म्हणजे दोन्ही टोंकें शाबूत आहेत असें समजावें.

या सर्वांआधीं एक साधन हाताशीं असतें, आणि तेंच बहुधा उपेक्षिलें जातें. दोष पावसांत येतो कीं उन्हांत, वळणावर कीं खड्ड्यांत, माल भरल्यावर कीं रित्या गाडींत, हें ज्याला ठाऊक असतें तो ड्रायव्हर. बिघाडाचा ठपका प्रथम त्याच्यावर येतो. पण गाडी दुरुस्तीस देतांना त्याला कोणी विचारीत नाहीं. त्यानें तारीख, ठिकाण व लक्षण एका वहींत टिपून ठेवावें, आणि मालकानें ती वही वाचावी. दहा वेळां फ्यूज बदलण्यापेक्षां त्या दोन ओळींचा उपयोग अधिक आहे. आणि घाटांतील त्या रात्रीं मागील दिवे लागतील कीं नाहीं, हें पुष्कळदां त्यांवरच ठरतें.