बाँब, विमा आणि वाचकांचा कौल

लोकप्रिय कादंबरीविषयी समीक्षकाने दिलेले मत छापले जाते म्हणून टिकते. वाचकाचे मत मात्र वाचनालयाच्या खिडकीशी, लोकलच्या डब्यात किंवा शिक्षकांच्या खोलीत उच्चारले जाते आणि तेथेच विरून जाते. या दोन मतांत जेव्हा मोठी तफावत पडते, तेव्हा वाचकाची अभिरुची कच्ची, असा निष्कर्ष काढून विद्वान मंडळी मोकळी होतात. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा वाचून ज्या पिढ्या वाचायला शिकल्या, त्यांना हा अनुभव नवा नाही. परंतु काही पुस्तकांच्या बाबतीत वाचकांचा कौल नीट तपासून पाहिला, तर त्यात अभिरुचीपेक्षा वेगळेच काही हाती लागते. आर्थर हेली यांची ‘एअरपोर्ट’ ही कादंबरी अशांपैकी एक होय.

ही कादंबरी 1968 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत तब्बल 30 आठवडे पहिल्या स्थानावर राहिली. 1970 मध्ये तिच्यावर निघालेल्या चित्रपटानेही अफाट पैसा मिळविला आणि त्यातील विनातिकीट प्रवास करणाऱ्या म्हातारीच्या भूमिकेबद्दल हेलन हेज यांना ऑस्कर मिळाले. आपल्याकडे ही कादंबरी इंग्रजी पुस्तके ठेवणाऱ्या वाचनालयांतून आणि फाउंटनच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या ढिगांतून हातोहाती फिरली. हेली मूळचे इंग्लंडातील लूटनचे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते आणि 1947 मध्ये कॅनडात गेले. एखाद्या उद्योगाचा सुमारे वर्षभर अभ्यास करावयाचा, टिपणे काढावयाची आणि मग त्या माहितीभोवती कथानक गुंफावयाचे, ही त्यांची रीत. समीक्षकांनी या रीतीला पत्रकारिता म्हणून नाक मुरडले. वाचकांनी नेमक्या त्याच कारणासाठी पुस्तक उचलले.

कथानक जानेवारीतील एका हिमवादळी रात्रीच्या काही तासांचे आहे. शिकागोनजीकच्या एका कल्पित विमानतळावर एक धावपट्टी रुतलेल्या विमानाने अडलेली, दुसऱ्या धावपट्टीवरून उड्डाणे होतात म्हणून आवाजाने त्रासलेले रहिवासी मोर्चा घेऊन आलेले, व्यवस्थापकाच्या संसाराची घडी विसकटलेली. अशा गदारोळात डी. ओ. गरेरो नावाचा दिवाळे निघालेला एक कंत्राटदार ब्रीफकेसमध्ये घरगुती बाँब घेऊन रोमच्या विमानात चढतो. त्याला कोणाला ओलीस धरावयाचे नाही, कसली मागणीही करावयाची नाही. विमान अटलांटिक महासागरावर नाहीसे व्हावे, पुरावा तळाशी जावा आणि विमानतळावर घेतलेल्या विम्याची रक्कम आपल्या पत्नीला मिळावी, एवढाच त्याचा बेत असतो.

या कादंबरीवर वाचकांची नेहमी ऐकू येणारी तक्रार म्हणजे बाँब फार उशिरा फुटतो. बर्फ उपसणाऱ्या यंत्रांची, सीमाशुल्काच्या तपासणीची, हवाई वाहतूक नियंत्रकाच्या खोलीतील पडद्यांची इतकी वर्णने कशाला, असे उतावळा वाचक विचारतो. दुसऱ्या प्रकारच्या वाचकाला तीच वर्णने सर्वांत आवडतात. विमानात कधी पाय न ठेवलेल्या माणसालाही विमानतळ कसा चालतो हे या पुस्तकाने समजावून सांगितले, ही त्याची पावती. हा दुसरा वाचक बव्हंशी कारकून, शिक्षक, तंत्रज्ञ अशा वर्गातला असतो, यात नवल नाही. मोठी यंत्रणा आतून कशी दिसते आणि एका टेबलावरची फाइल दुसऱ्या टेबलावर पोहोचेपर्यंत काय काय घडते, याचा त्याला रोजचा अनुभव असतो.

मात्र बहुतेक वाचक एका बाबतीत एकमत होतात. त्यांच्या मते पुस्तकाचे नायक म्हणजे ऐनवेळी धाडस दाखविणारी माणसे: वैमानिक डेमरेस्ट, हवाईसुंदरी ग्वेन, चतुर म्हातारी आणि रुतलेले विमान बाहेर काढणारा पट्रोनी. हे मत चुकीचे म्हणता येणार नाही. पण ते अपुरे आहे, आणि कादंबरीच त्याविरुद्ध साक्ष देते. कारण गरेरोला अडविण्याची संधी विमान उडण्यापूर्वी अनेकदा आलेली असते. रोमला निघालेल्या माणसाजवळ सामान नाही, ही गोष्ट खटकण्याजोगी असते. पण उशीर झालेला असतो आणि रांग पुढे सरकवावयाची असते. विम्याच्या खिडकीवरील तरुणी त्याच्या थरथरत्या हाताकडे पाहण्याऐवजी विम्याच्या रकमेकडे पाहते, कारण तिचे लक्ष कंपनीच्या विक्रीस्पर्धेकडे लागलेले असते. सीमाशुल्क निरीक्षकाला ती घट्ट धरलेली ब्रीफकेस संशयास्पद वाटते. त्याची कुशंका योग्य माणसापर्यंत पोहोचते तेव्हा विमान आकाशात गेलेले असते. यांतील कोणीही दुष्ट नाही. प्रत्येकजण आपापले काम आपापल्या हिशेबाने करीत असतो.

विमानातील प्रसंगही असाच बोलका आहे. म्हातारीच्या नाटकाचा फायदा घेऊन ग्वेन ब्रीफकेस हिसकावते आणि क्षणभर सारे संकट टळल्यासारखे वाटते. तेवढ्यात शेजारचा एक प्रवासी हस्तक्षेप करून ती ब्रीफकेस गरेरोला सभ्यपणे परत देतो. गणवेशातील बाई एका भाडे भरलेल्या प्रवाशावर अन्याय करीत आहे, असे त्याला वाटलेले असते. या पात्रावर वाचक जितके चिडतात तितके खुद्द गरेरोवरही चिडत नाहीत. असा प्रवासी असूच शकत नाही, हे लेखकाने कथानक लांबविण्यासाठी केलेले कारस्थान आहे, असा आक्षेप अनेकजण घेतात.

हा आक्षेप किती टिकतो हे पाहण्यासाठी कादंबरीबाहेर यावे लागते, आणि तेथे भारतीय वाचकाला फार दूर जावे लागत नाही. 23 जून 1985 रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ हे विमान आयर्लंडनजीक अटलांटिकवर स्फोटाने नष्ट झाले आणि 329 माणसे प्राणास मुकली. ते विमान लंडन आणि दिल्लीमार्गे मुंबईला येत होते. बाँब असलेली बॅग व्हँकूव्हर येथे एका प्रवाशाने सोपविली आणि तो स्वतः विमानात चढलाच नाही. त्याचे पुढच्या टप्प्याचे आरक्षण निश्चित नव्हते, म्हणून खिडकीवरील कर्मचाऱ्याने बॅग थेट पाठविण्यास प्रथम नकार दिला. प्रवासी हुज्जत घालू लागला, मागे रांग वाढली आणि अखेर बॅग स्वीकारली गेली. टोरांटोला सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र त्याच दिवशी बंद पडले. कादंबरीतील त्या सभ्य प्रवाशाला अशक्य ठरविणाऱ्या वाचकाने व्हँकूव्हरची ती रांग डोळ्यांसमोर आणावी. बॅगेचा मालक विमानात नसेल तर बॅगही विमानात असता कामा नये, हा नियम कागदावर लिहिण्यास एक ओळ पुरते. पाळण्यास मात्र माणसे, वेळ आणि पैसा लागतो. कॅनडाच्या न्यायमूर्ती मेजर आयोगाने 2010 मध्ये दिलेल्या अहवालात या सगळ्या ढिलाईचा पाढा वाचला आहे.

पैशाचा प्रश्न हेलींनी टाळलेला नाही, आणि रहस्यकथेच्या वाचकाने सहसा घाईने उलटलेली पाने नेमकी हीच आहेत. विमानतळावर मिळणारा झटपट विमा बंद करावा, कारण तो घातपाताला आमंत्रण देतो, अशी मागणी डेमरेस्ट वैमानिकांच्या वतीने विमानतळाच्या नियामक मंडळापुढे करतो. त्याचा मेहुणा असलेला व्यवस्थापक बेकर्सफील्ड तिला विरोध करतो. विम्याच्या खिडक्यांपासून विमानतळाला चांगले उत्पन्न मिळते, त्यातून सुधारणा करावयाच्या आहेत, आणि मोजक्या माथेफिरूंपायी लाखो प्रवाशांची सोय का काढून घ्यावी, असा त्याचा युक्तिवाद. मंडळ व्यवस्थापकाच्या बाजूने कौल देते. पुढे त्याच खिडकीवर गरेरो येतो. ज्या धोक्याची किंमत दुसऱ्यानेच मोजावयाची असते, तो धोका संस्थेच्या जमाखर्चात कधी दिसत नाही. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात बाह्य परिणाम या नावाखाली रुक्षपणे मांडलेला हा सिद्धांत येथे एका भांडणाच्या रूपाने वाचावयास मिळतो.

हे भांडण लेखकाच्या कल्पनेतून निघालेले नव्हते. 1 नोव्हेंबर 1955 रोजी डेन्व्हरहून निघालेले युनायटेड एअरलाइन्सचे विमान काही मिनिटांतच आकाशात फुटले आणि 44 जण ठार झाले. जॅक गिल्बर्ट ग्रॅहॅम या तरुणाने आपल्या आईच्या सामानात डायनामाइट ठेवले होते आणि विमानतळावरील यंत्रातून तिच्या नावे विमा काढला होता. पॉलिसीवर आईची सही नसल्यामुळे ती मुळातच निरर्थक होती. त्या काळी विमान बाँबने उडविणे हा अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार स्वतंत्र गुन्हाच नव्हता. त्याच्यावर कोलोरॅडो राज्यात आईच्या खुनाचा खटला चालला आणि जानेवारी 1957 मध्ये त्याला देहान्ताची शिक्षा झाली. कायदा झाला तो 1956 मध्ये. पुढे 22 मे 1962 रोजी शिकागोहून कॅन्सस सिटीला जाणारे काँटिनेंटलचे बोइंग 707 कोसळून 45 जण मृत्युमुखी पडले. टॉमस डोटी या कर्जबाजारी प्रवाशाने विमानाच्या मागील प्रसाधनगृहात डायनामाइटचा स्फोट केला होता. त्याने एकूण 3 लाख डॉलरचा विमा उतरविला होता आणि त्यातील काही भाग विमानतळावरच घेतला होता. गरेरोचे त्याच्याशी असलेले साम्य डोळ्यांत भरणारे आहे.

इतके होऊनही प्रवाशांच्या हातातील सामानाची सरसकट तपासणी अमेरिकेत सुरू झाली ती 5 जानेवारी 1973 रोजी. दरम्यान 1968 ते 1972 या पाच वर्षांत तेथे 130 हून अधिक विमान अपहरणे झाली. तपासणीला विमान कंपन्यांचा विरोध होता. खर्च वाढेल, वेळ जाईल आणि गुन्हेगारासारखी वागणूक मिळाल्याने गिऱ्हाईक दुरावेल, अशी भीती त्यांना वाटत होती. एखाददुसऱ्या अपहरणकर्त्याला हवे ते देऊन मोकळे होणे त्यांना स्वस्त वाटे. नोव्हेंबर 1972 मध्ये सदर्न एअरवेजचे विमान पळविणाऱ्यांनी ते ओक रिज येथील अणुकेंद्रावर आदळण्याची धमकी दिली, तेव्हा हा हिशेब बदलला. याचा अर्थ, ‘एअरपोर्ट’ जेव्हा खपाच्या यादीत पहिली होती, त्या काळी तिचा वाचक स्वतः कोणत्याही तपासणीविना ब्रीफकेस घेऊन विमानात चढू शकत होता.

म्हणून शौर्याचे कौतुक करताना थोडे थांबावे लागते. 5 सप्टेंबर 1986 रोजी मुंबईहून निघालेले पॅन अ‍ॅमचे विमान कराचीला उतरले असता चार सशस्त्र दहशतवाद्यांनी ते ताब्यात घेतले. प्रमुख परिचारिका नीरजा भनोत हिने वैमानिकांना सावध केल्यामुळे ते निसटले आणि विमान जमिनीवरच अडकून पडले. तिने अमेरिकी प्रवाशांचे पासपोर्ट दडविण्याची व्यवस्था केली आणि अखेर प्रवाशांना बाहेर काढताना गोळ्या झेलल्या. तेविसाव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले होते. तिला मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले आणि ते सर्वथा उचितच झाले. तिची कथा सांगणारा जवळजवळ प्रत्येकजण विमानाच्या दारापासून सुरुवात करतो. ते चौघे विमानतळ सुरक्षारक्षकांचा वेष करून, तशाच दिसणाऱ्या मोटारीतून थेट विमानापर्यंत पोहोचले कसे, हा मजकूर एका वाक्यात आटोपतो. हेलींच्या ग्वेनपेक्षा नीरजेची कामगिरी कितीतरी मोठी होती. तथापि दोघींनाही जे करावे लागले ते दुसऱ्या कोणीतरी आधीच करावयाचे राहिले होते.

वाचकांच्या मतांत आणखी एक सूर आहे आणि तो अधिक अडचणीचा आहे. अनेकांना गरेरोची कीव येते. कर्ज, बेकारी, घरातील उपासमार आणि स्वतःच्या मरणातून तरी बायकोचे भले व्हावे ही वेडी आशा. त्यामुळे त्याच्यावर खलनायकाचा शिक्का मारताना हात अडखळतो. असे वाटणे अनैतिक आहे, असे कोणी म्हणू नये. विम्याचा धंदाच मुळी माणसाच्या जिवाची रुपयांत किंमत लावतो आणि ‘तुमच्या पश्चात कुटुंबाचे काय?’ असे विचारून हप्ते गोळा करतो. गरेरोने ते म्हणणे शब्दशः घेतले. फक्त शेजारच्या आसनावरील माणसाचेही कुटुंब आहे, ही गोष्ट त्याच्या हिशेबातून निसटली. नंतरच्या काळात धर्माच्या वा राष्ट्राच्या नावाने विमाने उडविणारे आले. त्यांच्या मानाने हा एकाकी दिवाळखोर जुन्या जगातला वाटतो आणि त्यामुळे ही कादंबरी शिळी झाली, असे आजचे तरुण वाचक म्हणतात. त्यांनी 1980 सालचा ‘एअरप्लेन!’ हा विडंबनपट आधी पाहिलेला असतो, त्यामुळे गंभीर प्रसंगीही त्यांना हसू येते. त्या विडंबनाचा आधार असलेला 1957 सालचा ‘झीरो अवर!’ हा चित्रपटही हेलींच्याच कथेवर होता, हा योगायोग मजेचा खरा.

गरेरोची पत्नी इनेझ हॉटेलात वाढपिणीचे काम करून घर चालविते आणि त्या रात्री थकून, भिजून विमानतळावर येते. पुढे तिचे काय झाले असावे, असा प्रश्न वाचकाच्या मनात उरतो. डोटीच्या पत्नीने विम्याची रक्कम मिळविण्याचा प्रयत्न केला होता. मृत्यू आत्महत्या ठरल्याने पॉलिसी रद्द झाली आणि तिला हप्त्याचे 3 डॉलर परत मिळाले.