राक्षसाचा मुखवटा : भिंतीवरचा आणि गावातला



ईसा टाउनमधल्या आपल्या घरांत अनेकदा दिवाणखान्यात एखादा लाकडी राक्षस दिसतो. वटारलेले डोळे, बाहेर आलेले सुळे! कुणी श्रीलंकेच्या सहलीतून आणलेला, कुणी बालीहून. मग मुलं विचारतात, "घरात देव आहेत, मग राक्षस कशाला?" 'शोभेसाठी' हे उत्तर सोपं आहे, पण अपुरं आहे. श्रीलंकेत अंबलंगोडा गावचे कारागीर हे मुखवटे मुळात नाचासाठी आणि आजार घालवण्याच्या विधींसाठी कोरत आले. आणि असे मुखवटे आपल्या महाराष्ट्रातही आहेत!

बोहाडा म्हणजे काय?

पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे आणि लगतच्या नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी गावांत होळीनंतर, पावसाळ्याआधी बोहाडा भरतो. काही ठिकाणी त्याला भोवाडा म्हणतात. रात्री संबळ-सनईच्या तालावर एकेक सोंग नाचत पुढे येतं. सुरुवातीला गणपती, सरस्वती. मग रामायण-महाभारतातली पात्रं, त्यांत रावणही आला. शेवटी जगदंबा आणि महिषासुराचं युद्ध.

हे मुखवटे पूर्वी लाकडात कोरत. लाकूड जड, आणि ते चेहऱ्यावर बांधून नाचायचं म्हणजे दमाचं काम! आता बरेचसे मुखवटे कागदाच्या लगद्याचे असतात. अनेक गावांत ठरावीक सोंगाचा मान ठरावीक घराण्याकडे असतो. म्हणजे राक्षस होणं हासुद्धा मानच.

राक्षसाला मान का?

राक्षस आलाच नाही, तर देवी लढणार कुणाशी? म्हणून तो दर वर्षी यावा लागतो. आणि तो परका नसतो, मुखवट्याआड आपलाच गाववाला असतो. कोकणातल्या शिमग्यातला संकासूर आठवा. काळा पोशाख, उंच टोपी, पांढरी दाढी. कथेत हा वेद पळवणारा असुर, पण गावात पोरं त्याला घाबरतातही आणि त्याच्या मागे धावतातही. दामोदर कोसंबी यांनी तर १९६२ च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या पुस्तकात आपल्या म्हसोबाचं नातं थेट महिषासुराशी जोडलं आहे. पुराणात मारला गेलेला असुर शिवारात शेंदूर लावून पुजला जातो!

मग आपण काय करायचं?

आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं, तर मुखवटा हे नुसतं हार्डवेअर. नाच, वाद्यं, कथा आणि सोंग घेणारा माणूस मिळून तो चालू होतो. रोजगारासाठी गावं रिकामी होतात तेव्हा मुखवटा संग्रहालयात टिकेल, पण सोंग घ्यायला माणूस लागतो. गाव सोडून आलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा भिंतीवरचा राक्षस खुशाल राहू द्या. फक्त तो कुठला, कुणाचा, कशासाठी कोरला, एवढं मुलांना सांगा. पुढच्या वेळी होळीच्या सुमारास भारतात जाणार असाल, तर मॉलमधला एक दिवस कमी करा आणि एक रात्र बोहाड्यासाठी ठेवा. तिथे मुलांना राक्षस नाचताना दिसेल. मग तो भिंतीवर का, हे तीच तुम्हाला विचारतील, आणि या वेळी उत्तर तुमच्याकडे असेल.