हँक ॲरनचं डावखुरं कार्ड

परवा न्यू जर्सीतल्या एका कार्ड प्रदर्शनात टॉप्स कंपनीचं १९५७ चं बेसबॉलपटू हँक ॲरनचं कार्ड जवळून बघायला मिळालं.

त्यात तो चक्क डावखुरा दिसतो! प्रत्यक्षात पठ्ठ्या उजव्या हाताने खेळायचा. छपाईत निगेटिव्ह उलटी लागली. जर्सीवरचा ४४ बघा, तोही उलटा.

१९७४ चं कार्ड तर आणखी भारी. १९७३ चा हंगाम संपला तेव्हा त्याचे होमरन ७१३, बेब रूथचा विक्रम ७१४. तरी टॉप्सने संचातल्या पहिल्याच कार्डावर त्याला होमरनचा नवा राजा ठरवून टाकलं. ८ एप्रिल १९७४ ला अटलांटात त्याने ७१५ वा मारला आणि कंपनीची लाज राखली.

कृष्णवर्णीय खेळाडू रूथच्या पुढे जातोय म्हणून त्या काळात त्याला ठार मारण्याच्या धमक्या येत होत्या. कार्डावर यातलं काही दिसत नाही.

एकूण होमरन ७५५. जानेवारी २०२१ मध्ये तो गेला.

१९५४ चं त्याचं पहिलं कार्ड आपल्या खिशाबाहेरचं. १९७४ चं मात्र परवडतं. घेताना कोपरे आणि कडा भिंगातून तपासा, काही लोक कडा कापून 'नवं' करतात.