संकटात स्तोत्र काय करतं?

23 नोव्हेंबर 2020 पासून कॅनडात टोरांटोसोबत ब्रॅम्पटनसह सगळ्या पील विभागात कोविडमुळे कडक टाळेबंदी लागली. तेव्हा प्रार्थनास्थळात एका वेळी फक्त 10 माणसांना परवानगी होती. अशा वेळी मराठी माणसाला रामरक्षा, भीमरूपी किंवा अथर्वशीर्ष आठवतं. ही स्तोत्रं म्हणायला देऊळ लागत नाही, पाठांतर पुरतं. संकटात प्रार्थना आठवणं हे केवळ आपल्याकडचं नव्हे. मार्च 2020 मध्ये जगभर गूगलवर प्रार्थनेचा शोध विक्रमी वाढल्याचं डेन्मार्कच्या अर्थतज्ज्ञ येनेट बेंटझेन यांनी 95 देशांच्या आकडेवारीतून दाखवलं.

मग स्तोत्र म्हटल्यावर संकटातली भीती ओसरते ती कशाने? एक भाग श्वासाचा. इटलीचे संशोधक लुचियानो बेर्नार्दी यांनी 2001 साली 23 निरोगी माणसांवर पाहिलं: जपमाळेची लॅटिन प्रार्थना असो वा योगातला मंत्र, म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे 6 वर येतो आणि हृदयाची लय सुधारते. श्रद्धा नसली तरी हे घडावं, असं मला वाटतं. दुसऱ्याने केलेल्या प्रार्थनेचं मात्र वेगळं. हृदयाची बायपास झालेल्या 1,802 रुग्णांवरच्या अमेरिकी चाचणीत (2006) तिचा काहीही फायदा दिसला नाही.

तेव्हा स्तोत्र जरूर म्हणा. ताप किंवा धाप असेल तर आधी डॉक्टरांना फोन करा.